परक्या घोड्यावरची मांड

ज्याच्याकडे स्वतःचा घोडा आहे त्याला दुसऱ्याच्या घोड्यावर बसायला आवडतं का, असं विचारलं तर एकच घोडा असलेला मालक जरा थांबून उत्तर देतो. चार-पाच घोडे बाळगणारा लगेच ‘हो’ म्हणतो. पोलो खेळणाऱ्याला तर हा प्रश्नच पडत नाही, कारण सात-साडेसात मिनिटांचा एक चक्कर, म्हणजे खेळाचा एक डाव, संपला की त्याला घोडा बदलावाच लागतो. म्हणजे उत्तर बरंचसं सवयीवर अवलंबून आहे. मला विचाराल तर परक्या घोड्यावर बसण्यात मोठा आनंद आहे, पण तो पाठीवर बसताक्षणी हाती लागत नाही. पहिली पंधरा-वीस मिनिटं अवघड जातात. ती का अवघड जातात हे उमगलं नाही, तर माणूस ‘आपला तो आपला’ म्हणत खाली उतरतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

एकाच घोड्यावर वर्षानुवर्षं बसलं की दोघांमध्ये बरंच काही न बोलता ठरून जातं. समजा, स्वार कंबरेतून किंचित उजवीकडे कलतो. त्याचं वजन उजव्या बैठकीच्या हाडावर जास्त येतं आणि डावी टाच नकळत वर उचलली जाते. सुरुवातीला घोडा या कलण्याला उत्तर देतो, वजनाखाली यायला उजवीकडे सरकतो. स्वार डावा लगाम आवळून त्याला सरळ करतो. असं शेकडो वेळा झालं की घोड्याच्या लक्षात येतं, या माणसाच्या कलण्याला काही अर्थ नसतो. मग तो पाठ जराशी वाकडी धरून सरळ चालायला शिकतो. स्वाराला वाटतं, आता घोडा सुधारला. खरं तर स्वाराचा दोष घोड्याने आपल्या पाठीवर घेतलेला असतो.

परक्या घोड्याला यातलं काहीच माहीत नसतं. उजवीकडे कललेलं वजन त्याच्या पाठीला सांगतं, ‘उजवीकडे चल’, आणि तो चालतो. वरचा माणूस मात्र म्हणतो, ‘हा उजवीकडे फार ओढतो.’ कधीकधी घोडा खरोखरच एका बाजूचा असतो. माणसांसारखीच घोड्यांचीही एक बाजू ताठ आणि एक सैल असते. पण कसोटी सोपी आहे. तीन वेगवेगळे घोडे तुमच्याखाली एकाच बाजूला घसरत असतील, तर दोष घोड्यांत शोधू नये. परक्या घोड्यावर बसण्याचा पहिला आणि सगळ्यात कडू फायदा हाच. आपल्या मांडीत कौशल्य किती आणि आपल्या घोड्याची समजूतदारी किती, हे तिथे वेगळं होऊन समोर येतं.

उड्यांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ही पारख फार कठोरपणे केली जात असे. १९५३ पासून २०१४ पर्यंत वैयक्तिक विजेता ठरवण्याची रीत अशी होती की शेवटच्या फेरीतले चार स्वार आधी आपापल्या घोड्यावर आणि मग एकमेकांच्या घोड्यांवर तोच मार्ग पार करत. घोडा ओळखायला मिळायची जेमतेम काही मिनिटं आणि सरावाच्या दोन उड्या. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या काँ इथे हा प्रकार शेवटचा झाला आणि पुढच्या, २०१८ च्या स्पर्धेपासून तो बंद केला गेला. प्रत्येक घोड्याला चार निरनिराळ्या स्वारांखाली चार वेळा उड्या माराव्या लागत, आणि त्यामुळे त्याच्यावर येणारा ताण हा या रीतीवरचा जुना आक्षेप होता. मला तो आक्षेप पटतो. तरीही त्या फेऱ्यांची चित्रफीत मिळाली तर आवर्जून पाहावी. उत्तम स्वार परक्या घोड्यावर चढल्यावर आधी काहीच करत नाहीत. एक-दोन वळणं घेतात, एकदा थांबवून पाहतात, एकदा पाऊल लांबवून पाहतात आणि मगच उडीकडे वळतात.

याच्या उलट टोकाचं उदाहरण आधुनिक पेंटॅथलॉनचं, म्हणजे पाच खेळांच्या एकत्रित स्पर्धेचं. तिथे घोडा चिठ्ठी टाकून मिळायचा, ओळखीसाठी वीस मिनिटं असायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, आघाडीवर असलेल्या ॲनिका श्लॉय हिला सेंट बॉय नावाचा घोडा मिळाला. त्याच दिवशी आधीच्या स्वाराखाली त्याने उडी नाकारलेली होती. घोडा आधीच धास्तावलेला, वर बसलेली स्वार रडवेली, त्यात चाबूक आणि टाचा. तिच्या प्रशिक्षिकेने कुंपणापलीकडून घोड्याला बुक्की मारली आणि त्या प्रशिक्षिकेला स्पर्धेतून बाद करण्यात आलं. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरलं. वीस मिनिटं काही घोड्यांना पुरतात, पण घाबरलेल्या घोड्याला पुरत नाहीत. घाबरलेला घोडा आणि वेळेचं ओझं ही जोडी जिथे दिसेल तिथे परक्या घोड्यावर बसूच नये. स्पर्धा नसली तरी हे ओझं येऊ शकतं. ‘सगळे निघालेत, चल पटकन बस’ हे वाक्यही तेच काम करतं.

घोड्यावर चढण्याआधीच अर्धं काम होऊन जातं. मालकाला ‘शांत आहे ना?’ असं विचारून काही कळत नाही, कारण आपापल्या मालकापुरता प्रत्येक घोडा शांतच असतो. नेमकं विचारावं. शेवटची रपेट कधी झाली आणि कोणी केली? बुजतो कशाला? बुजला की जागच्या जागी थबकतो, बाजूला उडी मारतो, की गर्रकन फिरून घराकडे सुटतो? या तिन्हींसाठी मांड वेगळी ठेवावी लागते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. मागून दुसरा घोडा जवळ आला तर लाथ झाडतो का? इतर घोडे पुढे गेले तर मागे राहतो का? नेहमी कुठल्या वळणावर कॅंटरला, म्हणजे मध्यम वेगाच्या धावेला, सोडता? घोडा जागा लक्षात ठेवतो. मालक रोज ज्या झाडापाशी टाच देतो, त्या झाडापाशी तो तुमच्या टाचेची वाट पाहणार नाही. शक्य असेल तर मालकाला आधी दहा मिनिटं बसायला सांगावं आणि आपण खाली उभं राहून बघावं. त्याचे हात कुठे आहेत, लगाम किती लांब आहे, थांबवताना तो मागे रेलतो की नुसता श्वास सोडतो, हे डोळ्यांनी टिपलेलं पुढे फार उपयोगी पडतं.

याच वेळी घोड्याकडेही बघावं. खोगीर ठेवताना तो कान मागे टाकत असेल, पाठ खाली दबवत असेल, तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना वळून चावायला येत असेल, तर पाठीत किंवा पोटात दुखणं असण्याची शक्यता धरावी. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, डोकं एका ठेक्यावर वर जात असेल तर ज्या पुढच्या पायावर ते वर जातं तो पाय दुखतोय. अशा घोड्यावर मालकाने कितीही आग्रह केला तरी बसू नये. वजनाचाही विचार करावा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाच्या आत असावेत, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. चारशे किलोच्या घोड्यावर ऐंशी किलो म्हणजे मर्यादा झाली, आणि त्यात खोगिराचे आठ-दहा किलो धरलेले आहेत.

खोगीर त्या घोड्याचंच वापरावं. पुष्कळ मालक प्रेमाने आपलं खोगीर बरोबर नेतात आणि तिथेच बिघडतं. खोगिराच्या आतला सांगाडा आपल्या घोड्याच्या पाठीच्या मापाचा असतो. रुंद पाठीवर अरुंद सांगाडा चढवला तर तो मानेच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी चिमटा घेतो. अरुंद पाठीवर रुंद सांगाडा ठेवला तर पुढून खाली बसतो आणि थेट हाडावर टेकतो. मानेच्या बुडाशी जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या मध्ये स्वार बसल्यावरही दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. रिकिबीचं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचं, माप घ्यायला हात पुरतो. बोटांची टोकं खोगिरावरच्या बकलाला टेकवायची आणि रिकीब काखेपर्यंत ओढून बघायची. हे माप अंदाजाचं आहे, वर बसल्यावर एखादं भोक इकडेतिकडे होतंच. तंग एका दमात आवळू नये. बरेच घोडे तंग आवळताना छाती फुगवतात, मग पाच मिनिटं चालल्यावर तोच तंग सैल पडतो आणि चढताना खोगीर पोटाकडे फिरतं. म्हणून चढण्याआधी एकदा, वर बसल्यावर एकदा आणि दहा मिनिटांनी पुन्हा एकदा तपासावा. चढायला ओटा किंवा लाकडी पायरी घ्यावी. जमिनीवरून चढताना सगळा हिसका घोड्याच्या मणक्यावर एका बाजूने येतो, आणि परक्या घोड्याशी ओळख त्या हिसक्याने सुरू होऊ नये. टाचेच्या आऱ्या काढून ठेवाव्यात, मालकाने मुद्दाम घालायला सांगितल्या नसतील तर.

तोंडात काय आहे हेही बघावं. लगामाला जोडलेला तोंडातला तुकडा म्हणजे बिट. मधे सांधा असलेलं साधं बिट आणि खाली लांब दांड्या व हनुवटीची साखळी असलेलं बिट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दांडीच्या बिटात हाताचा जोर तरफेसारखा कितीतरी पटींनी वाढतो. ज्याच्या हाताला साध्या बिटावर सतत हलका ताण धरून बसायची सवय आहे, तो याही घोड्याला तसंच धरतो. घोडा आधी थांबतो, मग मागे सरतो आणि तरीही ताण सुटला नाही तर पुढचे पाय उचलतो. तो सांगितलेलंच करत असतो, स्वाराला मात्र आपण काय सांगतोय ते कळलेलं नसतं.

आता वर बसल्यावरची पहिली दहा मिनिटं. लगाम लांब सोडून नुसतं चालू द्यावं आणि आपल्या कंबरेकडे लक्ष ठेवावं. घोडा चालताना पोट डावीकडे-उजवीकडे झुलतं, त्याबरोबर आपलं एकेक बैठकीचं हाड खाली जातं आणि वर येतं. आपल्या घोड्यावर ही झूल इतकी अंगवळणी पडलेली असते की ती जाणवतही नाही. परक्यावर ती लांब असेल, आखूड असेल, एका बाजूला जास्त असेल. चार-पाच मिनिटं काही न करता ही झूल अंगात मुरू द्यायची. मग दोन्ही पोटऱ्या हलकेच मिटायच्या. अगदी हलक्या, घामाने ओला सदरा अंगाला चिकटावा तेवढ्याच. घोड्याच्या कातडीला माशी बसलेली कळते, तेव्हा हा स्पर्श त्याला कळतोच. त्याने पाऊल लांबवलं तर दाब लगेच सोडायचा. दोन-तीन पावलांत उत्तर आलं नाही तर थोडा जास्त दाब, मग आणखी. ही चढण नेहमी खालून सुरू करावी. पहिलीच टाच जोरात दिली तर घोडा सुटेल किंवा सुन्न होईल, पण त्याला सगळ्यात हलकं काय कळत होतं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. माझ्या मते परक्या घोड्यावरचा निम्मा आनंद त्या शोधातच असतो.

थांबवण्याची पारखही अशीच. आधी श्वास सोडून कंबर स्थिर करायची, मग बोटं मिटायची, मग मनगट. पाच-सहा वेळा वॉकमधून, म्हणजे साध्या चालीतून, थांबवावं. चौथ्या-पाचव्या वेळी घोडा नुसत्या श्वासावर रेंगाळायला लागला तर पुढचं सोपं. मान एका बाजूला हलकेच वळवून मागचे पाय बाजूला सरकतात का, तेही वॉकमध्येच बघून ठेवावं. गडबड झाली तर हाच आधार असतो. भरधाव घोड्याची मान अचानक वळवली तर तो अडखळून पडू शकतो, म्हणून ही तालीम सावकाश चालीत करायची. ट्रॉटमधून वॉकमध्ये खात्रीने येतो असं कळेपर्यंत कॅंटरचं नाव घेऊ नये.

प्रत्येक घोड्याचं शिक्षण वेगळं, त्यामुळे एकाच हालचालीचा अर्थ बदलत जातो. शर्यतीच्या मैदानातून आलेल्या थरोब्रेडला लगाम घट्ट धरणं आणि बूड खोगिरावरून उचलणं यांचा अर्थ ‘पळ’ असाच शिकवलेला असतो. तो वेग धरू लागला की नवखा स्वार घाबरून लगाम आणखी आवळतो, पुढे झुकतो, आणि घोडा आणखी पळतो. तिथे बोटं सैल करून, मागे बसून, मोठं वर्तुळ घ्यावं लागतं. गुरं राखायच्या शिक्षणातला घोडा लोंबत्या लगामावर चालतो आणि मानेला टेकलेल्या लगामाने वळतो. त्याला दोन्ही हातांनी वळवायला गेलं तर तो गोंधळून जागीच गोल फिरतो. ड्रेसाजमध्ये, म्हणजे बारीक इशाऱ्यांवर शिस्तीत चालण्याच्या प्रकारात, मुरलेल्या घोड्यावर तर उजवी टाच सहज चार बोटं मागे गेली तरी तो कॅंटरमध्ये पुढे पडणारा पाय बदलतो. साध्या रपेटीच्या घोड्याचा मालक त्यावर बसला की म्हणतो, ‘हा वेडा आहे.’ पण त्या घोड्याने फक्त ऐकलेलं असतं. आइसलँडच्या घोड्यांची टोल्ट ही चार ठोक्यांची सपाट चाल दुडकीला सरावलेल्या माणसाला पहिल्यांदा चुकीचीच वाटते. तो सवयीने वर-खाली उठायला जातो आणि ठोकाच सापडत नाही. तिथे खोल बसून राहायचं असतं.

घोडेस्वारी शिकवणाऱ्या शाळेतल्या घोड्यांबद्दल मालकवर्गात एक नाराजी असते, की ते मेलेले, सुस्त असतात. हे मला अन्यायाचं वाटतं. दिवसाला तीन-चार शिकाऊ माणसं त्यांच्या पाठीवर आपटतात, टाच मारताना लगामही ओढतात. ‘जा’ आणि ‘थांब’ एकाच वेळी ऐकू आल्यावर शहाणा घोडा काहीच ऐकायचं नाही असं ठरवतो. पाय निश्चल ठेवून पंधरा-वीस वेळा वॉक-ट्रॉट-वॉक असे छोटे बदल मागावेत, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला लगेच सगळा दाब सोडावा. वीसेक मिनिटांत त्याचा एक कान तुमच्याकडे वळतो. मग पुढचा बदल अर्ध्या दाबावर मिळतो, त्यापुढचा त्याहून हलक्यावर. स्वतःच्या तेज घोड्यावर हे समाधान मिळायची वेळच येत नाही.

स्वाराचं मन घोड्यापर्यंत पोहोचतं, हे खोगिरावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ते मोजलंही गेलं. माणसांनी घोड्यांना ठरलेल्या वाटेने नेलं. एका फेरीआधी माणसाला सांगितलं की आता वाटेत छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही, पण माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही वाढले. आपल्या घोड्याला आपली भीती ओळखीची असते. परक्याला ती नवी असते, त्यामुळे तो तिचं कारण आजूबाजूला शोधू लागतो आणि झुडपाकडे बघून कान टवकारतो. मनात धाकधूक असेल तर बंदिस्त रिंगणात बसावं, मालकाला आत उभं करावं आणि वॉकवरच दिवस संपवावा.

काही मालकांना परक्या घोड्यावर बसणं ही आपल्या घोड्याशी बेइमानी वाटते. या भावनेचा मला आदर आहे, पण ती घोड्याच्या काही उपयोगाची नाही. घोडा लंगडा झाला, म्हातारा झाला, घोडी गाभण राहिली, तर महिनोन्‌महिने तिची पाठ मोकळी राहते. त्या काळात स्वाराने बसणं सोडलं तर मांड्यांची ताकद आणि तोल दोन्ही ओसरतात. मग बऱ्या झालेल्या घोड्याच्या पाठीवर, जी स्वतःच अजून कच्ची असते, एक कच्चा स्वार येऊन बसतो. त्यापेक्षा तो काळ परक्या घोड्यांवर काढलेला बरा. ज्याला एकाच घोड्याबरोबर राहायला आवडतं आणि बसायचा सोसच नाही, त्याने बसू नये. त्यात काही उणं नाही.

आपला घोडा दुसऱ्याला देण्यातही तेवढाच आनंद आहे, फक्त बघणारे आपण असतो. मालकाला आपल्या घोड्याचे कान आणि मान तेवढी दिसते. त्याची पाठ कशी उचलली जाते, मागचा पाय किती आत येतो, हे त्याने कधी पाहिलेलंच नसतं. उजव्या कॅंटरला, म्हणजे उजवा पाय पुढे पडणाऱ्या धावेला, ‘हा जातच नाही’ असं आपण सांगत आलेलो असतो, आणि चांगला स्वार वर असेल तर घोडा पहिल्याच मागणीला जातो. मनाला लागतं थोडं, पण त्या वेळी स्वाराची उजवी बाजू कुठे होती ते नीट बघून ठेवावं. देताना आपण ज्या प्रश्नांची उत्तरं मागितली असती ती सगळी न विचारता सांगावीत, घोड्याची खोडही लपवू नये, आणि पहिल्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांत स्वाराला खाली उतरवावं. तो थकला की त्याचे हात जड होतात आणि ते जड हात आपल्या घोड्याच्या तोंडात असतात.

परक्या घोड्यावरून आपल्याकडे आल्यावर पहिल्या दिवशी काही सुधारायला जाऊ नये. हलक्या तोंडाच्या घोड्यावर दोन तास काढले की आपला जड वाटतो, तेज घोड्यानंतर आळशी वाटतो, आणि स्वार लगेच त्याला नवीन धडा द्यायला निघतो. घोड्याच्या बाजूने काहीच बदललेलं नसतं, त्यामुळे तो चिडतो. आधी आपली बैठक तपासावी. रिकिबी सोडून दहा मिनिटं वॉक करावा आणि दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं वजन येतंय का ते बघावं. इतकी वर्षं उजवीकडे कलणारा स्वार आता मधोमध बसला, तर घोडा सुरुवातीला डावीकडे भरकटतो, कारण त्याने तोल सांभाळायला पाठ तशी धरलेली असते. त्याला लगामाने सरळ करू नये. वीस मीटरच्या वर्तुळावर डावीकडून आणि उजवीकडून सारख्या फेऱ्या घ्याव्यात, दर पाच मिनिटांनी लगाम लांब सोडून मान खाली ताणू द्यावी, आणि आठ-पंधरा दिवस पाठीचे स्नायू मोकळे व्हायला द्यावेत. खोगीर काढल्यावर पाठीवरचा घाम बघावा. दोन्ही बाजूंना तो सारखा उमटू लागला म्हणजे दोघंही मधोमध आले, असं धरायला हरकत नाही.